समास सरळ केल्याबद्दल

प्रिय धाकटीस,

शिकायला माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या लेकीचा बारावीचा कॉम्प्युटरचा प्रकल्प माझ्या हातून मोडला आहे आणि ते तिला अजून कळलेलं नाही, म्हणून हे पत्र. आशीर्वाद आहेतच. प्रवासाने तुझी कंबर धरली नाही ना? माझी तब्येत काल दुपारपर्यंत उत्तम होती.

झालं ते असं. काल भिंगरी (खऱ्या नावाने हाक मारावी इतका वेळ ती एका जागी बसतच नाही) तुला बसस्टँडवर सोडायला निघाली ती मशीन उघडं टाकून. मी फक्त धूळ पुसायला गेले होते. पडद्यावर तिचा प्रोग्रॅम होता, वाचनालयातलं कुठलं पुस्तक कुणाकडे आहे ते सांगणारा. चारशे बारा ओळी, तीन महिन्यांची मेहनत. पण काय ती मांडणी! एक ओळ समासाला चिकटलेली, दुसरी चार अक्षरं आत, तिसरी आठ अक्षरं आत, जणू जिन्यावरून पाय घसरलेला. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. भलेभले लेखक माझ्यापुढे आपल्या वेलांट्या लपवत. असला गबाळेपणा माझ्या घरात? एकेक ओळ डावीकडे ओढून सरळ रेषेत आणली. शेवटी मशीनने विचारलं, बदल जतन करायचे का? अर्धवट काम मी कधी सोडलंय? केले जतन.

संध्याकाळी कळलं, की त्या भाषेत रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. कुठली ओळ कुणाच्या हाताखाली, हे ती किती आत आहे त्यावरून ठरतं. मी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि प्रोग्रॅम जागच्या जागी गारद. "मावशी, व्हायरस असेल का गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "असेल बाई, सध्या साथ आहेच." (खोटं बोलायची सवय नसली की असं होतं.) दुसरी प्रत तिने ठेवलेली नाही. (तुझ्यावर गेली आहे.)

शनिवारी बाहेरून परीक्षक येणार. प्रोग्रॅम चालला नाही तर तीस गुण जातील, आणि त्यांच्यामागून कॉलेजचा प्रवेश. आता ती आठवून आठवून ओळी आत सरकवते आहे, आणि मशीन परत आलेल्या पुस्तकालाही हरवलेलं म्हणतं आहे. कीबोर्डच्या कळांचा आवाज थांबला की मी घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेते. मघाशी "मावशीऽ" अशी हाक आली, तर हातातलं भांडंच पडलं. तिला पाणी हवं होतं.

यापुढे लिहायला हात धजत नाही.

तुझी ताई

ता. क. काल तू इथे होतीस. तुझाच हात कुठेतरी लागला असेल, असं तिला फोनवर सांगशील का? आईला मुली माफ करतात. मावशीचं मला ठाऊक नाही.

आणखी ता. क. वरची विनंती खोडली समज. तुझ्यापासूनही एक गोष्ट लपवली. पडद्याला हात लावण्याआधी मी सवयीने तिच्या प्रिंटरवर मूळ प्रत छापून घेतली आणि आधी तिच्यावरच खुणा केल्या. भिंगरीच्या ओळी होत्या तशा त्या पानांत आहेत, आणि शेजारी माझं अक्षर. कालपासून ती पानं माझ्या गादीखाली आहेत. आत्ता कळांचा आवाज येत नाही, नाक ओढल्याचा येतो आहे. जाते.

भिंगरीस दिले: छापील पाने नऊ, लाल खुणांसह. वेळ दुपारी सव्वाचार. पाने पाहून तिने पुन्हा हात पुढे केला, म्हणून लाल पेन्सिलही दिली. आता ती माझ्या खुणा एकेक करून खोडते आहे.