पाड्यावरची बाई सुटली

आई,

आज जळगावच्या कोर्टात आपली केस सुटली. ‘आपली’ म्हणते, कारण तू असतीस तर तूही तसंच म्हणाली असतीस. यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची ती बाई. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेली जंगलातली जमीन नावावर व्हावी म्हणून तिनं सगळ्या पाड्याला दावे करायला लावले, आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर वनरक्षकाला मारहाण केल्याचा गुन्हा दाखल झाला. मारहाण झाली म्हणतात त्या दिवशी ती सावद्याला केळीच्या कापणीवर होती. एवढंच सिद्ध करायला वर्षं गेली.

ती पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा मला चोपड्याच्या मुलींच्या वसतिगृहातलं तुझं स्वयंपाकघर आठवलं. तू भाकरी थापते आहेस, मी शेजारी पाढे म्हणते आहे. कुणीतरी येऊन सांगतं, वसतिगृहातल्या एका मुलीच्या बापाला चोरीच्या संशयावरून परवापासून ठाण्यात कोंडलंय. तू हात धुतेस, भाकरी फडक्यात बांधतेस आणि मला घेऊन थेट ठाण्यात जातेस.

“अक्का, तुमचा काय संबंध?” फौजदार विचारतो.

“त्याना गुन्हा काय शे ते सांगा. कोर्टमा न्या, नाहीते घर जाऊ द्या.”

दुपार कलेपर्यंत तू ठाण्याच्या पायरीवरून हलली नाहीस. शेवटी कंटाळून त्यांनी त्याला सोडलं, आणि तो चालता चालताच भाकरी खाऊ लागला. मी म्हटलं, “बिचारा.” तू भर रस्त्यात थांबलीस. “बिचारा नको म्हनू. तो काय भीक मांगी राह्यंता का?” तेवढं एक वाक्य घेऊन मी वकिली करते आहे.

आज न्यायाधीशांनी ‘निर्दोष’ म्हटलं, ते तिला कळलंच नाही. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

“ताई, आता तारीख नाही ना?”

“नाही.”

“कधीच?”

“या केसची कधीच नाही.”

ती व्हरांड्यात फतकल मारून बसली आणि अशी हसत सुटली, की दारावरचा पोलीसही हसायला लागला. मग समोरच्या हॉटेलात आम्ही दोघींनी शेवभाजी खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर. जमिनीच्या दाव्याचा निकाल अजून यायचाय, ते भांडण पुढे आहेच. पण यावलच्या गाडीत तिला खिडकीशी बसवून परत फिरले, तेव्हा किती दिवसांनी माझे खांदे सैल पडले होते.

हे पत्र कुठं पाठवणार? राहू दे माझ्याकडेच. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. काल मी तिला फोन करून म्हटलं होतं, निकाल उलटा लागला तर तुरुंगात असावीत म्हणून दोन लुगडी पिशवीत घालून आण. मीच भ्याले होते गं. आज ती रिकाम्या हातानं आली. म्हणाली, “संध्याकाळी घरीच जायचंय ना.”