दोन काळांतले दोन टाइट एंड

शारजा, १२ नोव्हेंबर १९९८

अजून डोक्यातून जात नाही. आमच्या दुबई ऑफिसातला अमेरिकन इंजिनियर स्टीव्ह आज भेटीला आलेल्या वडिलांना घेऊन कॅन्टीनमध्ये आला. दोघंही आपापल्या कॉलेजात त्यांचा तो हातांनी झेलायचा फुटबॉल खेळलेले, आणि एकाच जागी: टाइट एंड. म्हणजे समोरच्याला अडवायचं आणि चेंडूही झेलायचा. मग जास्त चांगला कोण? मी सरळ विचारलं.

"आमच्या वेळी चेंडू आमच्याकडे फारसा यायचाच नाही," म्हातारबाबा म्हणाले. "आम्ही नुसत्या धडका द्यायचो." त्यांचं एक बोट तेव्हापासून वाकडं आहे. स्टीव्हची बोटं अगदी सरळ. पण धडक आणि झेल यांची तुलना करायची कशी? त्या वाकड्या बोटाला किती मार्क द्यायचे?

"डॅडना झेलणारे आवडत नाहीत," स्टीव्ह हसत म्हणाला. "माझी एकही मॅच बघायला आले नाहीत."

"एकदा आलो होतो. तुला सांगितलं नाही. तो झेल मला जन्मात जमला नसता."

स्टीव्हचं हसू थांबलं. "कुठला झेल?"

म्हातारबाबा खुर्ची मागे सारून उठले आणि भरल्या कॅन्टीनमध्ये टाचा उचलून, दोन्ही हात उंच करून मुलाचा झेल दाखवू लागले.