होऊन राहिली

सोमवार, ३ नोव्हेंबर
सुमन आज खुर्चीवर बसली. पक्षाघाताने उजवा हात आणि वाचा, दोन्ही नेली. वाचा-उपचारासाठी तुकोगंजातून येणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘बाबूजी, अम्माजी को सब समझता है, शब्द भी हैं. बस ज़बान साथ नहीं दे रही. लिखवाओ.’ पाटी दिली. डाव्या हाताने काढलेला ‘प’ ‘य’ झाला. तिने पाटी दूर सारली.

बुधवार, ५ नोव्हें.
मृदुलाने तोड काढली. मुलगी ऑफिसात प्रोग्राम ज्या एडिटरवर लिहिते, त्यावरच आईने लिहावे. एडिटर ही नुसती पाटी. तिच्यामागे ‘लँग्वेज सर्वर’ नावाचा दुसरा प्रोग्राम बसतो. तो प्रत्येक अक्षर वाचतो, अर्धा शब्द पाहून उरलेला सुचवितो, चुकीखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. डाव्या हाताला असा सोबती हवाच. मात्र त्याला मराठी येत नाही.
‘ते तुम्ही शिकवा, बाबा. मास्तर कशाला झालात?’
निवृत्तीनंतर प्रथमच विद्यार्थी मिळाला. पहिला नियम मी हाच दिला: ‘येऊन राहिला’, ‘करून राहिली’ ही रूपे अशुद्ध, हिंदीतल्या ‘आ रहा है’ची सावली. ‘येतो आहे’, ‘करते आहे’ असे लिहावे.
मृ. हसली. ‘पूर्ण इंदूर लाल होऊन जाईल.’
होवो.

शुक्रवार, ७ नोव्हें.
‘बाबा, आपला सर्वर उठूनच नाही राहिला.’
मृ.चे वाक्य दुरुस्त करून दिले. सर्वर तरीही उठला नाही. सायंकाळी कारण सापडले. एडिटर त्यास भलत्याच फोल्डरात शोधत होता.

रविवार, ९ नोव्हें.
उठला, पण रेघ शेजारच्या निर्दोष शब्दाखाली पडते. ‘क्षमा’ या शब्दात अक्षरे दोन, वर्ण पाच. मृ. म्हणते, एडिटर चिन्हे मोजतो. हलन्ताची खूण वेगळी, काना वेगळा. तीही पाचच भरतात, पण निराळी पाच. सर्वर मात्र बाइट मोजत होता, एका चिन्हामागे तीन. त्याच्या हिशेबी पंधरा. दोघांची मोजणी एक केली, तेव्हा रेघ जागेवर आली. अक्षर कशास म्हणावे, हा वाद संगणकातही आहे तर! सु. पलंगावरून आमच्याकडे पाहत होती.
चुकीचे चार दर्जे ठरविता येतात: चूक, इशारा, माहिती, नुसती सूचना. मी सर्व नियम ‘चूक’ या दर्जात घातले. चूक ती चूक.

बुधवार, १२ नोव्हें.
लिहिले! डाव्या तर्जनीने, एकेक कळ शोधत: ‘गराडू’. थंडी लागली की तिला ते तळलेले, वर मसाला भुरभुरलेले कंद हवे असतात. शब्दाखाली लगेच लाल रेघ. माझ्या शब्दसंग्रहात गराडू नव्हते. सर्वरने सुचविले: ‘गारुडी’.
सु.च्या ओठांची डावी कड हलली. हसू होते ते.
मृ. म्हणाली, ‘आई, गारुडी तर घरातच आहे. गराडू मी आणते.’
शब्द यादीत घातला. अन्नपूर्णा मंदिराजवळच्या बाजारातून गराडू आले. तिला कुस्करून भरविले.

शुक्रवार, १४ नोव्हें.
मृ. ऑफिसात. सु.ने खूण करून मला बोलावले. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर तिचे पहिले पूर्ण वाक्य:
मी बरी होऊन राहिली
शेवटल्या दोन शब्दांखाली लाल रेघ. मी बोलून गेलो, ‘अगं, ‘होते आहे’ लिही, एवढेच.’
तिने वळून पाहिले नाही. एकेक अक्षर पुसले. ‘राहिली’, ‘होऊन’, ‘बरी’. मग ‘मी’सुद्धा.

रविवार, १६ नोव्हें.
कळफलकाला हात लावत नाही. खुर्चीवर बसविले तर तोंड भिंतीकडे. वाचा-उपचाराच्या बाईंनी मला बाहेर बोलावले. ‘टोका क्या आपने? टोकना मत, बाबूजी. अभी कोशिश छूटी तो दोबारा बैठाना बहुत मुश्किल.’
आजारापूर्वी स्वयंपाकघरातून सु.चा आवाज यायचा, ‘अहो थानेदारजी, भाजी जळून राहिली, व्याकरण नंतर!’ आज दिवसभर ते कानात आहे. ‘भाजी जळते आहे’ असे करून पाहिले. तिचा आवाज येत नाही.

मंगळवार, १८ नोव्हें.
मृ. नियम काढून टाकू लागली. मी थांबविले. रेघ नुसती पुसणे म्हणजे सूट देणे, आणि सूट चुकणाऱ्याला देतात. म्हटले, सु.ने ‘हो’ एवढे लिहिले की ‘होऊन राहिली’ सर्वरने आपण होऊन पुढे करावे.
‘नक्की, बाबा? तुम्ही सांगून राहिलात हे?’
या वेळी तिचे वाक्य दुरुस्त केले नाही.
‘रूपे मी टाइप करतो. तू ‘हि’ला दीर्घ करून ठेवशील.’
येऊन राहिला. येऊन राहिली. येऊन राहिले. जळून राहिली. बोट पहिल्या रूपाला अडले. पुढे अडले नाही. तिन्ही लिंगांत, दोन्ही वचनांत चालवून पाहिले. कोठेही अडखळत नाही, नियमाने चालते. हे आजवर तपासलेच नव्हते.
सर्वर बंद करून पुन्हा सुरू केला. त्याशिवाय नवे शिकत नाही तो.

बुधवार, १९ नोव्हें.
सु.ला खुर्चीवर बसविले. म्हटले, ‘तुझे शब्द घातले आहेत. बघ.’ आज तोंड भिंतीकडे नव्हते.
मी मागे उभा राहिलो नाही. खिडकीकडे तोंड करून बसलो आहे, हे तिथूनच लिहितो आहे. मृ. दारात, तीही पाठमोरी.
एक कळ वाजली. थांबली.
खाली रस्त्यावर कोणी ओरडले, ‘ओ भिया, साइड में!’ खिडकीच्या काचेत मृ. माझ्याकडे पाहताना दिसली. मी मान हलविली, वळायचे नाही.
कळ पुन्हा वाजून राहिली