त्सोन्काने सांगण्याआधी

प्लोव्हदिव, ३ ऑक्टोबर

प्रिय बिल्याना,

तुझं पत्र मिळालं. आईच्या तिसऱ्या स्मृतिदिनाला, वीस तारखेला तू येतेस हे वाचून मी स्वयंपाकघरात नुसता उभाच राहिलो. पण शेवटी एका ओळीत जे विचारलंयस, ‘आईने जाताना माझी आठवण काढली होती का?’, त्याचं उत्तर लिहायला बसलो आणि हात चालेना. मग काय, तुझ्या बापाची जुनी खोड! कॅमेरा गळ्यात अडकवला आणि पडलो बाहेर.

सहा वाजले होते, उजेड तिरका झाला होता. जुन्या गावाच्या चढावरचे दगड अजून तसेच, मेले पाय मुरगळणारे. दोन्हीकडची घरं वरच्या मजल्यावर गल्लीत इतकी पुढे आलीत की मध्ये आभाळाची पट्टीच दिसते. निळ्या घराचे तीन फोटो काढले, तिन्ही हलले. एका जर्मन बाईने तिचा फोन माझ्या हातात दिला आणि कोणतं बटण दाबायचं तेही शिकवलं. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेल्या माणसाला! मी मुकाट्याने दाबलं.

रोमन नाट्यगृहापाशी आई ज्या खिडकीतून तिकिटं द्यायची, तिच्याशेजारी भिंतीवर आईच्या स्मरणाचा नवा छापील कागद आहे, वर तिचा फोटो, खाली घरच्यांची नावं. सकाळी मीच चिकटवला. आपल्या दारावर, पावाच्या दुकानाबाहेर, बसथांब्यावरच्या झाडालाही लावला. त्याचाही फोटो घेतला, कारण खाली शोक करणाऱ्यांत पहिलं नाव तुझं आहे. निधनाच्या कागदावर ते नव्हतं. चाळिसाव्या दिवसाच्या नाही, वर्षाच्याही नाही. छापखानेवाल्याने कच्च्या प्रतीत घातलं होतं, मी पेनाने खोडलं. तू स्टुडिओला लाथ मारून स्पेनला, वॅलेन्सियाला गेलीस, तो राग. गावाला वाटलं, पोरीनेच तोंड फिरवलं. मी वाटू दिलं.

तिथेच शेजारची त्सोन्का भेटली, हातात भाजायच्या मिरच्यांची पिशवी. तिने चष्मा वर करून कागद वाचला. म्हणाली, “आज सुचलं होय रे नाव घालायला? तीन वर्षं काय झोपला होतास?” मी म्हटलं, बिल्याना येतेय. तशी पिशवी खाली ठेवून म्हणाली, “मग तू सांगतोस की मी सांगू? आजारपणात रोज उशाशी मी बसत होते, बाबा. माझ्या पोटात आता राहायचं नाही.” मी फोटो काढायचं नाटक करत राहिलो. “ती दारात आली की पहिली मी भेटणार,” एवढं बोलून ती उतार उतरून गेली.

अंधार पडेपर्यंत टेकडीवर बसून होतो. खाली गावात दिवे लागले, सुंदर दिसत होते, आणि मला एकही फोटो घ्यावासा वाटला नाही. भीती वाटत होती, बाळा. अजूनही वाटते.

तर ऐक. आई झोपेत गेली असं मी तुला कळवलं, ते खोटं. अकरा दिवस ती अंथरुणाला खिळून होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, बिल्यानाला फोन करा. मी केला नाही. संध्याकाळी तिला सांगितलं, केला होता, पोरगी म्हणाली यायला जमणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. रोज ती तुझीच बाजू घ्यायची, “कामात असेल हो, तुम्ही रागावू नका तिच्यावर.” दहा दिवस तिने तुझी आठवण काढली. अकराव्या दिवशी विचारलंच नाही. मी वाट पाहत होतो, आता विचारलं तर खरंच फोन लावायचा असं ठरवून बसलो होतो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि दुपारी गेली. तू येणार नाहीस असं समजून गेली.

तुझाच,
बाबा