हातातून निसटलेलं टोक

दादा,

तुझी बोटं थकली नव्हती. हे मी चार वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

मासे पकडायच्या काठीची जाड दोरी आणि गळावरची पिसांची खोटी माशी यांना जोडणारा तो निमुळता दोरा तू कधी विकत आणला नाहीस. खोलीच्या एका टोकाला उभा राहून तू पीळ भरायचास आणि दुसऱ्या टोकाला मी दोरे ताणून धरायचे. "सोडलंस तर तुलाच गळाला लावीन," हा तुझा लहानपणापासूनचा दम.

त्या दुपारी तू चहा टाकायला आत गेलास आणि माझ्या हातून टोक निसटलं. दोरे मध्येच गुरफटले. मी ते घाईघाईने सोडवले, चिमटीत फिरवून पीळ सारखा केला आणि पुन्हा ताणून धरला. तू आलास, दोऱ्यावरून बोट फिरवलंस. "शाब्बास, धाकटे," म्हणालास. तुझी शाब्बासकी क्वचितच मिळायची. ती मी ठेवून घेतली.

रविवारी तो मोठा मासा काठापर्यंत आला आणि दोरा नेमका त्या गुरफटलेल्या जागीच तुटला. तू तुकडा उजेडात धरून बराच वेळ बघितलास. "बोटांत आता राम राहिला नाही," म्हणालास आणि गळ, रिळं, सगळं शेजाऱ्याला देऊन टाकलंस.

परवा सांगायचं ठरवूनच फोन केला होता. तूच आधी हसून म्हणालास, "वेळेवर सोडलं बघ. नाहीतर चार लोकांत हसं झालं असतं."

"हो ना," मी म्हणाले.

त्या दुपारी माझ्या हातून चूक झाली होती. परवाचं "हो ना" ही चूक नव्हती; ते मी जाणूनबुजून म्हणाले.

तुझी,
धाकटी