एकास दहा

४ जून
लागली एकदाची नोकरी! प्रयोगशाळा लहानशी, पण लख्ख. खिडकीशी माझं टेबल, त्यावर पिपेट, खारटपणा मोजायचं मीटर आणि मिठाच्या दाट द्रावणाची मोठी बाटली. तिला इथे नुसतं 'स्टॉक' म्हणतात. त्यातून रोज पातळ द्रावणं करायची. एकास दहा म्हणजे एक भाग स्टॉक आणि नऊ भाग पाणी. दहा भाग पाणी ओतणारे महाभागही येऊन गेलेत म्हणे. मी त्यातली नाही. हिशेबात माझा हात धरणारं कुणी नाही, असं ताईसुद्धा म्हणते, आणि ती सहसा कुणाचं कौतुक करत नाही. मी तिच्याकडेच राहते.

७ जून
माझं द्रावण जास्त खारट निघालं. साहेबांनी सगळ्यांसमोर हजेरी घेतली. मी त्यांच्यादेखत पुन्हा आकडेमोड केली, पुन्हा द्रावण केलं, पुन्हा तोच चढा आकडा. म्हणाले, या टेबलावरच्या सगळ्याच बायकांची ही रड होती, पण त्या खाल्ल्या मिठाला जागल्या, अंथरुणाला खिळेपर्यंत कामावर आल्या. मी म्हटलं, गणित बरोबर आहे. आहेच मुळी.

१२ जून
ताईची भाजी अळणी लागली. बाईसाहेबांचं लक्ष कुठे आहे, म्हणून मी चिडवलं. तिनं चाखून पाहिली आणि म्हणाली, मीठ अगदी बेताचं आहे. मी वरून घेतलं, चांगलं चमचाभर. तरी तीच गत.
मग रडू आलं. आसवं ओठांवर ओघळली, तीही नळाच्या पाण्यासारखी.
आणि रोज काढूनही स्टॉक गळ्यापर्यंत भरलेलाच आहे.

१५ जून
मीटर बाटलीत सोडून बसले. मी काचेला हात लावला की आकडा चढतो. काढला की थांबतो.
म्हणजे जास्तीचं मीठ माझं! भीती वाटते, खूप वाटते, पण त्याहून राग येतो. ताई म्हणते, आग लागो त्या नोकरीला, सोड. सोडू? माझं मीठ तिथे ठेवून? काय म्हणून? मीठ मी खाल्लेलंच नाही. त्या बाटलीनं खाल्लंय, माझं. आता जागायचं तिनं.

१७ जून
सगळे जेवायला गेलेत. बाटली पातेल्यात उपडी केली, पातेलं शेगडीवर चढवलं. पाणी उडेल, मीठ उरेल. माझं मला परत.

चव आली! घाम खारट, ओठ खारट. ये, सगळं ये —

तळाशी पांढरा थर. माझं होतं तेवढं आलं. आता थांबायला हवं — थांबत नाही —

शेगडी बंद केली. तरी येतंच आहे.

चुकलं. माझंच चुकलं. बाटलीत आधीपासून होतं ते मी धरलंच नाही — त्या सगळ्या बायकांचं —

हे अक्षर माझं नाही.

या. या गं सगळ्या. मी भीत नाही. किती जणी —

नऊ.

एक भाग मी, नऊ त्या. असू दे. पण तो एक भाग माझा आहे, आणि तो मी कुणाला —