पाठकोऱ्या कागदाच्या पुड्या

९ ऑगस्ट २००४
शेठनी आज नवा हुकूम काढला. इंटरनेट दिवसातून एकदाच, अकरा ते सव्वाअकरा. कारण फोनचं बिल. आलेले मेल छापून त्यांच्या टेबलावर ठेवायचे, कारण शेठ पडद्यावर वाचत नाहीत, डोळ्यांत पाणी येतं म्हणे. वाचून झालेले कागद ट्रेमध्ये, पाठकोरे म्हणून. मी कोरा रिम मागितला तर, "पाठकोरे संपले का, बाई?" एकोणीस वर्षं या बियाण्याच्या कंपनीचं ऑफिस सांभाळतेय, आता मला कागद कसा वापरायचा ते शिकवा.
पासवर्ड बदलू म्हटलं. पासवर्ड म्हणजे शेठच्या नातवाचं नाव, फोनशेजारी भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेलं. सगळ्या ऑफिसला पाठ. शेठ म्हणाले, "घरचेच मान्सं हायेत. कुनापासून लपवायचं?"

१७ ऑगस्ट
ज्यांच्याशी आमचा करार आहे त्या हैदराबादच्या संशोधकांचा मेल आला. नव्या कपाशीच्या नर आणि मादी ओळी कुणाच्या शेतात लावल्यात त्याची यादी. नाव, गाव, गट नंबर, कोड. या ओळी दुसऱ्याच्या हाती लागल्या तर आमचं वाण तो बनवणार, आम्ही बघत बसणार. पाच वर्षांचं काम आहे.
छापली, तर शाई पुसट, मधूनच आडवी काळी रेघ. परत छापली, दोन प्रती. चांगली प्रत कपाटात, कुलूप लावलं. एक प्रत गौतमला. गौतम म्हणजे आमचा फील्ड ऑफिसर, केदारखेड्याचा, सहा वर्षं झाली त्याला. या शेतांवर तोच जातो, मोटरसायकलवर, उन्हात नि चिखलात. यादीची घडी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून वरून हात दाबला. शहाणा माणूस.
कागद बारीक कापायचं मशीन घेऊ, असं शेठना पुन्हा सांगितलं. "हात न्हाईत का?"

२ सप्टेंबर
प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद. रब्बी ज्वारीचे नमुने दुकानदारांना आता कागदी पुडीत द्यायचे. कागद अर्थात पाठकोरे. दुपारभर मी आणि मावशी (चहा, झाडू, टपाल सगळं तिच्याकडे) पुड्या बांधत बसलो. छापलेली बाजू आत, कोरी बाहेर, वर वाणाचं नाव. मावशी म्हणे, "ताई, आता तेवढा गूळ नि शेंगदाने ठिवा, किराना झाला." हसलो खूप. हसताना हाताला वेग येतो, साठ-सत्तर तरी झाल्या असतील.
पण चीड आलीच. शेठच्या केबिनला नवा एसी बसला त्याच आठवड्यात हे.

११ सप्टेंबर
गौतम घाबराघुबरा आला. घाम पुसायचंही सुचत नव्हतं. समोरच्या कंपनीचा माणूस केदारखेड्याला आमच्याच तीन शेतकऱ्यांकडे जाऊन आला. आमचा कोड सांगितला, ओळी सांगितल्या, आमच्यापेक्षा जास्त भाव देतो, नर ओळीची बोंडं मला द्या, म्हणाला.
"ताई, त्याच्या हातात कागद व्हता. नावं वाचून राह्यला व्हता. मी सवता गेल्तो, त्या तिघांतल्या म्हाताऱ्यानं मला समदं सांगितलं."
मी कपाट उघडून बघितलं. प्रत जागेवर. गौ.ने खिशातली काढून दाखवली. तीही जागेवर. मग?

१३ सप्टेंबर
अक्षर वाकडं येतंय.
शेठनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. "यादी दोघांकडंच व्हती. बाई एकोनीस वर्षांपासून हाय." एवढंच बोलले आणि गौ.कडे बघत राहिले. मग त्याची बॅग टेबलावर उलटी केली. डबा, बायकोच्या गोळ्या, शेताचे टॅग, एक मफलर. डबासुद्धा उघडून बघितला. भाकरी आणि पिठलं. चोर पिठलं घेऊन फिरतो का?
गौ. म्हणाला, "शेठ, मी न्हाई दिली." एकदाच. पुन्हा बोलला नाही. घरी बस, म्हणून सांगितलं त्याला. जाताना भाकरी डब्यात नीट रचत होता, ते बघवेना.
गौ. बौद्ध आहे. ऑफिसात त्यावरून कुणी काही बोलत नाही, बोलायची गरजच पडत नाही. मावशी मात्र चहाचे कप उचलताना म्हणाली, "ह्यांचं आडनाव दुसरं असतं तं..." आणि थांबली. शेठचा भाचा स्टोअरला आहे. पासवर्ड त्यालाही माहीत. त्याची बॅग कोणी उघडली?

१६ सप्टेंबर
औरंगाबादहून एक टायवाला आला, कॉम्प्युटरच्या सुरक्षेची पॅकेजं विकणारा. लॅपटॉपवर लाल-पिवळी चित्रं दाखवली. तुमचा मेल बाहेरचे लोक वाचून राहिलेत, म्हणाला. शेठ एकदम शांत झाले, देवळात बसावं तसे. वर्षाचं पॅकेज तिथल्या तिथे घेतलं. मला रिम मिळत नाही, आणि इथे...
नवा पासवर्ड दिला त्याने, आकडे नि अक्षरं मिसळून. शेठना लक्षात राहीना. सायंकाळी बघते तर भिंतीवर, जुन्याच्या खाली. या वेळी बॉलपेननं.

२३ सप्टेंबर
राजूरचे बाबूराव आले, बियाण्याचे दुकानदार. गणपतीचे दिवस, तिकडे पाय ठेवायला जागा नाही म्हणत होते. ज्वारीचा नमुना चांगला उगवला, माल पाठवा. मग हसायला लागले. "पर मॅडम, तुमच्या पुड्या लय वाचनीय हायेत." खिशातून कागद काढला.
पुसट शाई. मधून आडवी काळी रेघ. नाव, गाव, गट नंबर, कोड.
ती खराब आलेली पहिली प्रत. मी फाडली नव्हती. ट्रेमध्ये टाकली होती. पाठ कोरी होती म्हणून. पुडीही मीच बांधली असेल, नाहीतर मावशीने, पण तिला कुठे वाचता येतं.
मी विचारलं, कुणी बघितला हा? "दुकानात टेबलावर पडून व्हता. समोरच्या कंपनीचा तो बी चहा प्यायला बसल्ता, तो उतरून घेत व्हता काहीतरी. मला वाटलं आरडर लिहून राह्यला." त्यांना अजूनही कळलेलं नाही त्यांनी काय सांगितलं ते.
कागद मी ठेवून घेतला. पर्समध्ये.
कोणी हॅकर नाही. गौ. नाही. शेठची काटकसर आणि माझा हात.

२४ सप्टेंबर
शेठच्या केबिनमध्ये गेले सांगायला. आत शेठ टायवाल्याशी फोनवर बोलत होते, त्याचं कौतुक चाललं होतं. बिल सहीला ठेवून बाहेर आले.

२६ सप्टेंबर
ह्यांना सांगितलं. पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तुझीच नोकरी जाईल. पोरीचं शेवटचं वर्ष आहे." इंजिनिअरिंगचं. खरं आहे. पण इतकं खरं बोलताना पेपर तरी खाली ठेवावा माणसाने.
मी गप्प बसलेली नाही. योग्य वेळ बघतेय.

१ ऑक्टोबर
जुन्या जालन्यात गेले होते, डाळ घ्यायला. होलसेल धान्याच्या गल्लीत गौ. दिसला. काट्यावर पोत्यांची वजनं लिहून घेत होता. बी.एस्सी. ॲग्री. झालेला माणूस. बियाण्याच्या लाइनीत जालन्यात नाव गेलं की कुणी दारात उभं करत नाही, दोन ठिकाणी जाऊन आला म्हणे. केदारखेड्यातले शेतकरी, ज्यांच्या शेतात हा सहा वर्षं राबला, ते आता तोंड फिरवतात. वडिलांना पारावर कोणीतरी विचारलं, पोरानं किती घेतले?
मला म्हणाला, "ताई, तब्येत बरी हाय ना? चेहरा उतरला तुमचा."
डाळ न घेताच आले. शेठवर असा संताप आला की रिक्षात एकटीच बोलत होते.

८ ऑक्टोबर
आज सांगितलं. कागद टेबलावर ठेवला, बाबूराव काय म्हणाले ते सांगितलं, पहिली प्रत ट्रेमध्ये मी टाकली तेही. शेठनी कागद दोनदा वाचला. उलटा करून कोरी बाजू बघितली. घडी घातली आणि खिशात टाकला.
"बराबर. त्याला बोलवा. कामावर घेऊ. विषय संपला."
त्याची माफी मागायला पाहिजे, मी म्हटलं. सगळ्यांसमोर.
"बाई, पाठकोरे काढले तुम्ही. पुड्या बांधल्या तुम्ही. बोलायचं म्हनलं तं समदंच बोलावं लागंल."
आवाज चढवला नाही. चहा घ्या म्हणाले. एवढं करून वर चहा. पुड्यांचा हुकूम कोणाचा होता, मशीनला नाही कोण म्हणालं, ते ओठांवर होतं. चहा घेतला मी. का घेतला?

१२ ऑक्टोबर
गौ. आला. इस्त्रीचा शर्ट. शेठनी केबिनचं दार लावून घेतलं, मला आत राहायला सांगितलं. गैरसमज झाला, म्हणाले. उद्यापासून ये, मागचा पगार देऊ.
"शेठ, चोर मला हॉलमधे म्हनले. केबिनमधे न्हाई म्हनले."
शेठ म्हणाले, मंग काय पाहिजे?
"लेखी द्या. यादी माझ्याकडून गेली न्हाई, येवढंच. गावात दाखवायला."
शेठ म्हणाले, लेखी दिलं तर ती आमची चूक लेखी झाली, उद्या हैदराबादवाले करार मोडतील. आणि पुढे, समजुतीच्या सुरात, "नोकरी भेटून राह्यली ना तुला? मंग कागद कशाला?"
गौ. उठला. "नोकरी मी पोते मोजून बी करतो."
माझ्याकडे बघितलंही नाही. त्याला माहीतच नाही अजून, यादी कुठून गेली ते. शेठनी सांगितलं नाही. मीही तिथे खुर्चीत बसून होते.
ज्या ऑफिसात भिंतीवर पासवर्ड चालतो तिथे एका माणसाच्या निर्दोषपणाचं पत्र मात्र गुपित. कमाल आहे. कमाल आहे.

१९ ऑक्टोबर
दुपारी शेठ सिल्लोडला गेले, तेव्हा पत्र टाइप केलं. लेटरहेडवर, जावक क्रमांक टाकून. यादीची खराब प्रत नमुन्याच्या पुडीतून बाहेर गेली, ती प्रत ट्रेमध्ये माझ्या हातून पडली, श्री. गौतम यांचा यात काही संबंध नाही. खाली माझी सही, कार्यालय प्रमुख, शिक्का. एक प्रत शेठच्या टेबलावर ठेवली. उद्या अकराच्या आत वाचतील. पुढचं पुढे. पोरीची फी, ह्यांचा पेपर, सगळं डोक्यातून बाजूला ठेवलं आणि रिक्षा केली.
गौ. घरी होता. बायकोने पाणी दिलं. मला वाटलं होतं तो पत्र वाचून रडेल किंवा हात जोडेल. काय काय वाटलं होतं मला.
उभ्यानेच वाचलं त्याने. परत वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "ही बाब नुकतीच निदर्शनास आली आहे."
"नुकतीच म्हंजे कधी, ताई?"
मी म्हटलं, तेवीस सप्टेंबर.
बायको आत निघाली होती, ती दारात थांबली.
"मी जुन्या जालन्यात भेटल्तो तुमाला, तवा माहीत व्हतं?"
हो.
"केबिनमधे बसल्ता तवा बी."
हो.
रागावला नाही. रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पत्राची घडी घालून परत दिली. "नुकतीच खोडून तारीख टाकून आना. मंग घेतो. गावात वाचून दाखवायचं हाय, कोनी इचारलं तं मला सांगता आलं पाह्यजे."
दारापर्यंत सोडायला आला, चपला सरळ करून ठेवल्या माझ्या. म्हणाला, "ताई, कुनाला तरी सांगायचं व्हतं. येवढे दिवस कुनालाच न्हाई सांगितलं?"
ह्यांना सांगितलं होतं, पुढे शेठना, ते मोजायचं का? मान हलवली. नाही म्हणून.
घरी येऊन तारीख पक्की करायला ही वही काढली. २३ सप्टेंबर. बरोबर आहे. वहीला सगळं सांगितलेलं आहे, दुकानदाराचं बोलणं, काळी रेघ, कुणाचा किती राग आला तेसुद्धा. पान उलटलं, २४. पान उलटलं, २६. माझं अक्षर किती चांगलं आहे.
पत्र पर्समध्येच आहे, 'नुकतीच'सकट.